सरकत्या वाळूवरील घराणी

माघी पौर्णिमेच्या जत्रेस श्रीमंगेशाच्या आवारात ज्यांनी एकदा तरी चार दिवस मुक्काम केला असेल, त्यांच्यापुढे अग्रशाळेतील त्या सकाळचे वर्णन करावयास नको. एका खोलीत मुंबईची आत्या, दुसरीत हुबळीचा चुलतभाऊ, ओसरीवर वयोवृद्ध आजोबा आणि अंगणात एकमेकांची नावेही धड ठाऊक नसलेली नातवंडे! वर्षभर पत्राचीही देवाणघेवाण न करणारी माणसे देवाच्या निमित्ताने एका पंक्तीस बसतात आणि चार दिवसांनी पुन्हा आपापल्या वाटेस लागतात. हे आपले मूळ स्थान नव्हे, हेही त्यांतील जाणत्यांना ठाऊक असते. देव मूळचा कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा. इ. स. १५६० मध्ये पोर्तुगीज अंमलातील छळ असह्य झाला, तेव्हा भाविकांनी त्यास जुवारी नदीपलीकडे, फिरंग्यांच्या ताब्याबाहेरील प्रदेशात आणले. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. जागा हलली, परतून येणे मात्र थांबले नाही.

या गोष्टीचे मर्म आम्हास नव्याने जाणवले ते गोव्यात नव्हे, तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील एका वाळूच्या पट्टीवर. आमच्या आप्तांपैकी एक कुटुंब कित्येक वर्षे उत्तर कॅरोलायना राज्यात स्थायिक आहे. त्यांच्या आग्रहावरून आम्ही ज्येष्ठ महिन्यात तेथे गेलो आणि आजी, मुलगे, लेकी-सुना, नातवंडे अशा तीन पिढ्यांच्या परिवारासह ‘आउटर बँक्स’ या नावाच्या बेटांवर आठ दिवस राहिलो. तेथे घरे आठवड्याच्या बोलीने मिळतात. उंच लाकडी खांबांवर उभे असलेले प्रशस्त घर, वर स्वयंपाकघर, खाली वाऱ्याला मोकळी सोडलेली जागा, आणि समोर उंबऱ्यापासून हाकेच्या अंतरावर अटलांटिक महासागर. पहिल्याच संध्याकाळी, मुले पाण्यात आणि पुरुषमंडळी सामान लावण्यात गुंतली असता, ऐंशी वर्षांच्या आजीने समुद्रास हात जोडले व सहज विचारले, “हांगाचो देव कोण?” उत्तर कोणाजवळच नव्हते. परंतु त्या प्रश्नाने आमच्या मनात घर केले आणि परत आल्यावर त्या बेटांचा इतिहास धुंडाळण्यास आम्हास प्रवृत्त केले. तोच येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ही बेटे म्हणजे आपल्याकडील अंजदीव किंवा दिवाडीसारखी खडकाची अथवा मातीची बेटे नव्हेत. ती निव्वळ वाळूची आहेत. सुमारे तीनशे किलोमीटर लांबीची, पण कित्येक ठिकाणी एक किलोमीटरही रुंद नसलेली ही माळ मुख्य भूमीपासून अलग पडलेली आहे. पलीकडे महासागर आणि अलीकडे पॅम्लिको, आल्बेमार्ल इत्यादी नावांचे विस्तीर्ण, उथळ जलाशय. पॅम्लिकोची रुंदी काही ठिकाणी चाळीस किलोमीटरच्याही वर आहे, त्यामुळे बेटावरून मुख्य भूमी दृष्टीस पडत नाही. महासागराच्या लाटांचा मारा ही बेटे आपल्या अंगावर झेलतात व मागील भूमीचे रक्षण करितात, म्हणून भूगोलवेत्ते त्यांस रोधक बेटे म्हणतात.

सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्राची पातळी आजच्याहून जवळपास सव्वाशे मीटर खाली होती. पुढे बर्फ वितळले, समुद्र वर चढू लागला आणि किनाऱ्यावरील वाळूचे बांध त्याच्याबरोबर मागे मागे सरकत आजच्या जागी आले. ही सरकण्याची क्रिया अद्यापि थांबलेली नाही. वादळात लाटा बेटाच्या माथ्यावरून पलीकडे जातात आणि समुद्राकडील वाळू उचलून खाडीकडे नेऊन टाकतात. समोरची बाजू झिजते, मागची बाजू भरते आणि बेट जणू कूस बदलीत मुख्य भूमीकडे सरकते. कधी समुद्र बेट मधोमध फोडून नवे मुख करितो. सप्टेंबर १८४६ च्या एकाच वादळात ऑरेगॉन व हॅटरस ही दोन मुखे अशीच उघडली. त्यांपैकी ऑरेगॉन मुख तेव्हापासून दक्षिणेकडे सुमारे तीन किलोमीटर सरकले आहे. अशा भूमीवर ज्यांनी घरे बांधली, त्यांच्या घराण्यांचा इतिहास म्हणजे ओघानेच स्थलांतराचा आणि पुनरागमनाचा इतिहास होय.

या बेटांवरील पहिली लिखित कौटुंबिक कथा मोठी करुण आहे. येथे इंग्रजांपूर्वी शेकडो वर्षे आल्गोंक्वियन भाषा बोलणारे लोक राहत होते. आजच्या हॅटरस बेटावरील त्यांच्या वस्तीचे नाव क्रोअटोअन. तेथील मॅन्टिओ नावाचा पुरुष १५८४ मध्ये इंग्लंडला जाऊन आला होता आणि त्याची आई त्या लोकांची प्रमुख होती. १५८७ च्या उन्हाळ्यात जॉन व्हाइट हा चित्रकार शंभरावर स्त्रीपुरुष व मुले घेऊन या माळेच्या आड असलेल्या रोअनोक बेटावर उतरला. त्याची गर्भवती कन्या त्याच्यासोबत होती. १८ ऑगस्ट रोजी तिला मुलगी झाली, तिचे नाव व्हर्जिनिया डेअर. नात जेमतेम नऊ दिवसांची असताना आजोबास रसद आणण्यासाठी इंग्लंडला परतावे लागले. तोच स्पेनशी युद्ध पेटले, जहाजे मिळेनात, आणि व्हाइट परत आला तो तीन वर्षांनी, ऑगस्ट १५९० मध्ये. वस्ती ओस पडली होती. कुंपणाच्या खांबावर ‘क्रोअटोअन’ एवढा एकच शब्द कोरलेला होता. त्या बेटाकडे जावे असे त्याने ठरविले. परंतु वादळाने जहाजाचे नांगर तुटले आणि त्यास मागे फिरावे लागले. लेक, जावई व नात यांचे पुन्हा दर्शन त्यास घडले नाही. तेथील लोक या वसाहतीस ‘हरवलेली वसाहत’ म्हणतात. आम्हास मात्र त्या खांबावरील शब्दात एक निरोप दिसला. आम्ही अमुक ठिकाणी गेलो आहोत, तुम्ही तेथे या, असा तो निरोप. तो पोहोचला होता, माणूसच पोहोचू शकला नाही.

समुद्रकाठी सहकुटुंब उन्हाळा घालविण्याची चाल येथे रुजली ती त्यानंतर अडीचशे वर्षांनी. मुख्य भूमीवरील आल्बेमार्ल जलाशयाच्या काठी मोठमोठ्या मळ्यांचे मालक राहत. तो मुलूख दलदलीचा. उन्हाळा लागला की घरोघर हिवताप शिरे आणि मुले दगावत. दलदलीतून निघणाऱ्या दूषित हवेने ताप येतो अशी त्या काळची समजूत होती. ‘मलेरिया’ या शब्दाचा मूळ अर्थही ‘दूषित हवा’ असाच आहे. म्हणून समुद्रावरील शुद्ध वाऱ्यात बिऱ्हाड हलविण्याची टूम निघाली. १८३० मध्ये फ्रान्सिस निक्सन नावाच्या मळेवाल्याने ‘नॅग्स हेड’ या ठिकाणी दोनशे एकर जागा घेतली, त्याच्या मागोमाग इतर आले आणि १८३८ मध्ये तेथे पाहुण्यांसाठी मोठे हॉटेल उभे राहिले. बिऱ्हाड हलविणे म्हणजे अक्षरशः बिऱ्हाड हलविणे असे. आजीपासून तान्ह्या मुलापर्यंत सारी माणसे, पलंग, भांडीकुंडी, दुभत्या गाई आणि कोंबड्यादेखील होड्यांतून जलाशय ओलांडून जात आणि हिमाची चाहूल लागली की परत येत.

गोव्यातील वाचकांस यात नवल वाटणार नाही. वैशाखात किनाऱ्यावर बिऱ्हाड नेऊन, हवापालट व्हावा आणि सांध्यांचे दुखणे हटावे म्हणून खाऱ्या पाण्याचे स्नान घेण्याची चाल आपल्याकडे हिंदू व ख्रिस्ती या दोन्ही समाजांत जुनीच आहे. नॅग्स हेडच्या त्या मंडळींचे कारण चुकीचे होते, पण कृती बरोबर होती. हवा दूषित नव्हती. दोष डासांचा होता आणि समुद्रावरील मोकळ्या वाऱ्यात डास टिकाव धरीत नाहीत एवढेच. हे कोडे उलगडले तेही आमच्या कित्येक वाचकांच्या घराजवळ! २० ऑगस्ट १८९७ रोजी हैदराबादनजीक सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांस डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले.

प्रारंभी ही घरे महासागराकडे पाठ फिरवून, खाडीच्या काठी बांधीत. समुद्रासन्मुख पहिले घर उठविले ते १८६६ च्या सुमारास डॉ. पूल या वैद्याने. त्याने स्थानिक मिजेट घराण्याकडून पन्नास एकर वाळू तीस डॉलरांस विकत घेतली आणि शेजार हवा म्हणून तिचे तुकडे आपल्या मित्रांच्या पत्नींस वाटून दिले असे सांगतात. १८८५ पर्यंत तेथे तेरा घरांची ओळ झाली. या घरांस रंग दिलेला नाही. खाऱ्या वाऱ्याने लाकूड करडे पडते आणि तोच त्यांचा रंग. चहूबाजूंनी रुंद पडवी, आणि पडवीच्या कठड्याला लागूनच, आपल्याकडील बाल्कांवात असतात तशा, बांधीव बैठका. घरे खांबांवर उभारण्यात दोन हेतू होते. वादळाचे पाणी खालून निघून जावे हा एक. आणि समुद्र फारच जवळ आला तर घर उचलून, ओंडक्यांवर घरंगळत मागे नेता यावे हा दुसरा. कित्येक घरे अशी एकदा नव्हे, अनेकदा मागे सरकली आहेत. घर तेच, पडवी तीच, भिंतीवरील मुलांच्या उंचीच्या खुणा त्याच. फक्त खालची जमीन दुसरी. काही घरे चार-पाच पिढ्या एकाच घराण्याकडे राहिली आणि १९७७ मध्ये या ओळीची राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांत नोंद झाली.

येथवर वाचून हे चित्र फार गोड वाटले असेल तर त्यातील छायाही दाखविणे इतिहासकाराचे कर्तव्य आहे. १८६० पूर्वीची ती सुटी गुलामांच्या श्रमावर उभी होती. गाई होडीत चढविणारे, चुलीपाशी राबणारे, दुसऱ्याची मुले सांभाळणारे कृष्णवर्णीय स्त्रीपुरुष त्याच होड्यांतून येत. त्यांना सुटी नव्हती, आणि त्यांची स्वतःची मुले कोठे असावीत हेही ठरविण्याचा अधिकार नव्हता. यादवी युद्धात, फेब्रुवारी १८६२ मध्ये, उत्तरेच्या सैन्याने रोअनोक बेट घेतले, तेव्हा हजारो मुक्त झालेली माणसे तेथे जमली. त्यांची मोठी वसाहत वसली, शाळा निघाल्या. परंतु युद्ध संपताच जमिनी पूर्वीच्या मालकांस परत देण्यात आल्या आणि १८६७ मध्ये ती वसाहत मोडली. म्हणजे एका घराण्याचे परत येणे दुसऱ्या घराण्यास निघून जावयास लावणारे ठरले. ही गोष्ट आपणही विसरू नये. वर्णभेदाचे निर्बंध कायद्याने दूर झाले ते १९६४ मध्ये. तोवर दक्षिणेकडील बहुतेक किनाऱ्यांवर कृष्णवर्णीय कुटुंबास पाण्यात पाय बुडविण्याचीही मुभा नसे.

तरी या बेटांवरील सर्वांत उजळ पान लिहिले तेही त्याच लोकांनी. हॅटरसच्या परिसरात उष्ण व शीत सागरी प्रवाह एकत्र येतात, वाळूचे दांडे पाण्याखाली लपलेले असतात, आणि त्यामुळे शेकडो जहाजे तेथे फुटली. त्यांतील माणसांस वाचविण्यासाठी सरकारने किनाऱ्यावर ठिकठिकाणी ठाणी स्थापिली. १८८० मध्ये पी आयलंड येथील ठाण्याचा प्रमुख म्हणून रिचर्ड एथरिज यांची नेमणूक झाली. ते रोअनोक बेटावर गुलामीत जन्मलेले आणि उत्तरेच्या सैन्यात लढलेले. अशा ठाण्याचे प्रमुखपद मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय; पुढे त्यांच्या हाताखालील सर्व माणसेही त्यांच्याच समाजाची होती. ११ ऑक्टोबर १८९६ च्या रात्री वादळात ‘ई. एस. न्यूमन’ नावाचे जहाज किनाऱ्याजवळ रुतले. होडी सोडणे अशक्य, दोरी फेकण्याची तोफही रोवता येईना. तेव्हा एथरिज यांनी दोघादोघांस एका मोठ्या दोरखंडाने बांधून लाटांत सोडले. एका खेपेस एक याप्रमाणे त्यांनी नऊच्या नऊ माणसे बाहेर काढली. त्यांत कप्तान होता, त्याची पत्नी होती आणि त्यांचा तीन वर्षांचा मुलगा होता. ज्या किनाऱ्यावर आपल्या लेकरांस खेळावयास बंदी, त्या किनाऱ्यावर दुसऱ्याचे लेकरू छातीशी धरून आणणाऱ्या या माणसांस शासनाने सुवर्णपदक दिले ते शंभर वर्षांनी, १९९६ मध्ये. आजीच्या प्रश्नाला उत्तर द्यावयाचे तर प्रथम याच ठाण्याकडे बोट दाखवावे असे आम्हास वाटले.

आता या माळेच्या दक्षिण टोकाकडील दोन गावांची हकीकत सांगतो. शॅकलफर्ड या बेटावर ‘डायमंड सिटी’ नावाचे, देवमाशांची शिकार व मासेमारी करणाऱ्यांचे सुमारे पाचशे वस्तीचे गाव होते. ऑगस्ट १८९९ च्या प्रचंड वादळात समुद्र गावावरून गेला. बागा खाऱ्या झाल्या, विहिरी नासल्या आणि स्मशानातील थडगी उघडी पडली. गावकऱ्यांनी वाद घातला नाही. त्यांनी घरांचे खिळे काढले, घरे भागाभागांनी सुटी केली, होड्यांवर चढविली आणि खाडीपलीकडे नेऊन पुन्हा जोडली. १९०२ च्या सुमारास बेट निर्मनुष्य झाले. पलीकडील मोरहेड सिटी या गावातील त्यांच्या वस्तीस ‘प्रॉमिस्ड लँड’, म्हणजे देवाने देऊ केलेली भूमी, असे नाव पडले. भरतीच्या पाण्यावर घर घेऊन निघालेली ती होडी मनश्चक्षूंसमोर आणताना आम्हास दुसरी होडी आठवली. कुशस्थळीहून देवास घेऊन निघालेली. ही तुलना फार ताणू नये हे आम्ही जाणतो. समुद्र हा धर्मछळ करणारा राज्यकर्ता नव्हे. तो कोणाचा द्वेष करीत नाही, आणि म्हणून त्यास दोषही देता येत नाही. परंतु होडीत काय घ्यावे आणि काय मागे सोडावे, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी एकच होता.

दुसरे गाव पोर्ट्समथ. १७५३ मध्ये कायदा करून हे बंदर स्थापिले गेले. मोठ्या गलबतांतील माल येथे उतरवून उथळ पाण्यातून चालणाऱ्या होड्यांवर चढवीत व आत पाठवीत. १८६० मध्ये येथे ६८५ माणसे होती, त्यांत शंभरावर गुलाम. पण वर सांगितलेले हॅटरस मुख उघडल्यापासून जहाजे तिकडे वळू लागली आणि पोर्ट्समथचा मार्ग वाळूने भरत गेला. एका वादळाने एका गावास मुख दिले आणि दुसऱ्याच्या तोंडचा घास काढला. युद्धात माणसे गेली, १९३३ च्या वादळाने आणखी गेली. शेवटी तिघे उरली. त्यांतील हेन्री पिगट हे गुलामांच्या वंशातील गृहस्थ रोज होडी वल्हवीत टपालाच्या बोटीपर्यंत जात आणि उरलेल्यांची पत्रे आणीत. १९७१ च्या प्रारंभी ते वारले, आणि उरलेल्या दोन स्त्रियांनी त्याच वर्षी गाव सोडले.

येथे कथा संपावयास हवी होती, पण ती संपली नाही. १९९० नंतरच्या दशकापासून साधारणतः दर दोन वर्षांनी, त्या गावच्या घराण्यांचे वंशज व स्नेही होड्या करून पोर्ट्समथला जमू लागले. रिकाम्या गावात त्या दिवशी प्रार्थनामंदिराची घंटा वाजते. जुन्या घराण्यांची नावे पुकारतात, त्या त्या घराण्याचे लोक उभे राहतात. मग झाडाखाली घरून आणलेल्या अन्नाची पंगत होते आणि सूर्यास्तापूर्वी सर्व परततात. ज्यांचा जन्म या बेटावर झाला नाही, ज्यांच्या आईबापांचाही झाला नसेल, अशी मुले आपल्या घराण्याचे नाव येताच उभी राहतात. ही हकीकत आम्ही एका रात्री पडवीत बसून वाचून दाखविली, तेव्हा आजी म्हणाली, “म्हळ्यार, ही तांची जात्रा.” यावर अधिक भाष्य आम्हास सुचले नाही.

बेट हलू नये म्हणून माणसाने प्रयत्न केले नाहीत असे नाही. १९३० नंतरच्या मंदीच्या काळात सरकारने हजारो बेकार तरुणांच्या हातून शेकडो मैल कुंपणे घालून व गवत लावून किनाऱ्यालगत वाळूचा उंच कृत्रिम बांध उभारला. १९३० मध्ये खाडीवरील पूल झाला होता. १९५२ पर्यंत हॅटरस बेटावर पक्की सडक आणि १९६३ मध्ये ऑरेगॉन मुखावर पूल झाला. १९५८ मध्ये त्या भागास राष्ट्रीय सागरकिनारा म्हणून अर्पण करण्यात आले आणि बांधाच्या भरवशावर घरे समुद्राजवळ येऊ लागली. परंतु बांधाने लाट अडविली तशी वाळूही अडविली. मागची बाजू भरणे थांबले, समोरची झिजतच राहिली आणि बेट अधिकच अरुंद होत गेले. आमच्या खाजनांचे बांध घालणाऱ्यांस हे रहस्य पूर्वीच ठाऊक होते. त्यांनी बांध घातला तसे त्यास मानसही ठेवले, म्हणजे भरती-ओहोटीचे पाणी मोजून आत-बाहेर करता यावे. ज्या बांधास मानस नाही तो रक्षण करिता करिता गुदमरवितो, हा अनुभव भूमीपुरता मर्यादित नाही असे आमचे नम्र मत आहे.

हॅटरसचे दीपगृह १८७० मध्ये समुद्रापासून सुमारे साडेचारशे मीटरांवर बांधले होते. शंभर वर्षांत समुद्र त्याच्यापासून चाळीस मीटरांच्या आत आला. भिंती बांधाव्यात की मनोरा हलवावा यावर वर्षानुवर्षे वाद चालला. हलविणे म्हणजे पराभव, असे पुष्कळांस वाटे. अखेर १९९९ च्या उन्हाळ्यात सुमारे साठ मीटर उंचीचा तो विटांचा मनोरा अखंड उचलून, रुळांवरून तेवीस दिवसांत सुमारे ८८० मीटर आत नेण्यात आला. दिवा पुन्हा लागला. नाविकांस दिवा हवा होता, आणि तो मिळाला. उलट, जी नवी घरे हलविली गेली नाहीत त्यांची अवस्था निराळी. रोडान्थी या गावी २०२० नंतर दहाहून अधिक घरे एकामागून एक समुद्रात कोसळली. त्यांचे खांब वाळूत उभे असलेले आम्ही पाहिले. कोणाच्या तरी आजोबांनी आयुष्यभराच्या बचतीतून तेथे नातवंडांसाठी घर घेतले असेल, हा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही.

निघण्याच्या दिवशी सकाळी सर्वांत धाकट्या नातवाने विचारले, “पुढच्या वेळी आपण आलो तेव्हा हे घर असेल का?” त्याच्या बापाने प्रामाणिकपणे सांगितले की सांगता येत नाही. “मग आपण कोठे यावयाचे?” या प्रश्नावर आजीने त्यास जवळ घेतले आणि कुशस्थळीची कथा सांगितली. ती तिने स्वतःच्या आजीकडून, अग्रशाळेच्या ओसरीवर ऐकलेली होती. मुलगा ऐकत राहिला. गोव्यास तो अद्यापि आलेला नाही.

आज आपल्या देवस्थानांच्या अग्रशाळांत सोयी वाढल्या आहेत, मोटार थेट दारापर्यंत जाते. आणि म्हणूनच की काय, पुष्कळ महाजन व कुळावी कुटुंबे तासाभरात दर्शन व प्रसाद आटोपून संध्याकाळच्या विमानास निघतात. देवास त्याने काही उणे पडत नाही. पण कथा तासाभरात सांगून होत नाही. तिला ओसरी लागते, रात्र लागते, आणि ऐकून कंटाळलेली व तरीही पुन्हा ऐकणारी मुले लागतात. पोर्ट्समथला गाव उरले नाही, पण नावे पुकारणारे उरले, म्हणून तेथे वंशज उभे राहतात. आपल्याकडे गाव आहे, देव आहे, दीपस्तंभ पाजळतो आहे. नावे पुकारली जातील तेव्हा उभे राहण्यास आपली मुले तेथे असावीत, आणि आपण कशासाठी उभे राहिलो हे त्यांस ठाऊक असावे, एवढी काळजी मात्र आपणच वाहिली पाहिजे. येत्या माघी पौर्णिमेस आमच्या त्या आप्तांनी अग्रशाळेतील दोन खोल्या चार दिवसांसाठी मागून ठेविल्या आहेत. आजी येणार आहे, आणि तो धाकटा नातूही.